दोन बोटं माया

त्या रविवारी सकाळी बंद पडलेल्या सिनेमागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. आधी फाटक्या खुर्च्या भरल्या, मग मधल्या वाटा भरल्या, मग लोक भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. आणि लोक तरी कसे? चाळिशी उलटलेले, पन्नाशीला टेकलेले, पोटाचा घेर मांडीवर सावरून बसलेले, चार पायऱ्या चढल्या तरी भात्यासारखे धापा टाकणारे. एकेकाळी इथल्या पडद्यावर खोटी माणसं खरी वाटायची. आता पडद्यापुढे हलकेबाबा बसत.

बाबा स्वतः काडीसारखे. हेच त्यांचं पहिलं प्रमाणपत्र. जन्मापासून काटकुळ्या असलेल्या माणसाने 'मी बारीक कसा राहिलो' हे सांगणं म्हणजे बोक्याने मिश्या कशा राखल्या ते सांगण्यासारखं. पण गर्दीला एवढा विचार करायची सवड नसते.

"भार देहाचा नसतो, वेड्यांनो!" बाबांनी डोळे मिटून सुरुवात केली. "भार असतो चिंतेचा. चालून चिंता कमी होते का? बैल जन्मभर चालतो, कधी बारीक झालेला पाहिलात?"

"नाही!" लोक ओरडले.

"घाम म्हणजे देहाचे अश्रू. का रडवता देहाला? वजनाचा काटा खोटा, आरसा खोटा, शिंप्याची टेप म्हणजे तर साप. कमरेला विळखा घालते आणि मनाला डसते. या तिघांचं तोंड वर्षभर बघू नका. खरा साक्षीदार एकच. तुमच्या तारुण्यातला कपडा! कपडा आठवण ठेवतो. सात दिवस तो माझ्यापाशी ठेवा, पुडी घ्या. आठव्या दिवशी कपडा तुम्हाला ओढून तारुण्यात नेईल. मात्र कपडा अंगाचं माप देऊन शिवलेला हवा. बाजारातला तयार कपडा म्हणजे परका. त्याला तुमची कसली आठवण?"

केवढं खोल बोलले, अशा अर्थाने माना हलल्या. मागच्या रविवारी किराणा दुकानदाराचा कोट काही केल्या अंगात शिरला नव्हता. कोट तयार घेतलेला होता. 'श्रद्धेत खोट आहे,' असं बाबांनी जाहीर केलं, आणि तो बिचारा आठवडाभर गल्लीत मान खाली घालून वावरत होता.

"पुढे कोण?" बाबांनी विचारलं.

बसचालक उठला. तिसऱ्या रांगेत त्याच्या बायकोने आणि बहिणीने एकमेकींचे हात घट्ट धरले.

वीस वर्षं बस चालवलेला हा माणूस. डेपोच्या तपासणीत रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली आणि वजनाचा काटा एकशे चारवर गेला. डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ. म्हणाल्या, "तीन महिने देते. गोळ्या वेळेवर, ताट अर्धं, रोज पाऊण तास चालणं. नाही जमलं तर स्टिअरिंग सोडा. मागे पन्नास माणसं बसलेली असतात." स्टिअरिंग सोडायचं म्हणजे काय, हे त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याला दुसरं काही येतही नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

बाबांनी पेटीतून निळी पॅन्ट काढली. नोकरीच्या पहिल्या दिवशी घातलेली, गणवेशाची. बसचालक कपडे बदलायला बाजूच्या आडोशाला गेला आणि दोन मिनिटांनी बाहेर आला. पॅन्ट अंगात होती. बटण लागलेलं होतं! त्याने दोन्ही हात वर केले, गर्रकन फिरला, आणि एवढा धिप्पाड माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. सिनेमागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. शेजारच्या बाईने बहिणीला मिठी मारली. "मास्तर, तुमच्या भावाचं सोनं झालं हो!"

बहिणीला अख्खी गल्ली मास्तर म्हणायची. शिलाईचं दुकान वडिलांचं. ते मास्तर होते, म्हणून त्यांच्यामागे ही मास्तर. बाई माणसाला मास्तर कसं म्हणायचं, हा प्रश्न एकदा कुणीतरी काढला होता. त्यावर गल्लीचं उत्तर ठरलेलं होतं: मास्तरीण म्हटलं की शाळा आठवते, आणि मास्तर म्हटलं की बाही बरोबर बसते. मशीन चालवताना तिच्या ओठांवर देवाचं गाणं असे. कुणी भक्तीचं निरूपण गाऊन करणारा आला, तर दुकान बंद करून ती पहिल्या रांगेत बसायची. त्या रविवारी तिचेही डोळे भरून आले. देवाने ऐकलं, असंच तिला वाटलं.

दुपारी भावाने पॅन्ट तिच्या हातात दिली. "ताई, बटण जरा ढिलं झालंय. पक्कं करून दे. आणि सांभाळून हं, आता ती साधी पॅन्ट नाही."

सोमवारी सकाळी खिडकीपाशी बसून मास्तरने पॅन्ट उलटी केली आणि तिचं गाणं अर्ध्यात थांबलं.

शिंप्याच्या दुकानात 'माया' या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे. निरूपणात माया म्हणजे भूल. घरात माया म्हणजे जीव लावणं. शिलाईत माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून राखलेलं जादा कापड. माणूस आज जेवढा आहे तेवढाच राहत नाही, हे शिंप्याला ठाऊक असतं. म्हणून जाणता शिंपी दोन बोटं माया ठेवतो. पुढे अंग भरलं की शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. कारखान्यातल्या तयार कपड्यात ती नसते. तिथे कापड वाचवायचं असतं.

ही पॅन्ट तिनेच शिवली होती. मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया, बाजूच्या शिवणींना एकेक बोट. आता त्या शिवणी चाचपल्या तर आत काहीच नव्हतं. सगळी माया बाहेर आली होती. कापडाची जुनी घडी ओलं फडकं आणि व्हिनेगर लावून इस्त्रीने मारली होती, वासही येत होता. पण उजेडात धरल्यावर मागच्या शिवणीच्या दोन्ही अंगांना एक गडद निळी पट्टी दिसली. उरलेली पॅन्ट वर्षानुवर्षं धुऊन आणि उन्हात वाळून विटली होती; शिवणीत दडलेल्या कापडाला ऊन कधी लागलंच नव्हतं. आणि त्या पट्टीच्या कडेने, मुंग्यांची रांग जावी तशी, जुन्या सुईची बारीक भोकं.

पॅन्ट मोठी झाली होती. भाऊ तेवढाच होता.

नव्या शिवणीच्या टोकाला तीन उलटे टाके होते आणि धागा तिरका कापलेला. शिवणाऱ्याचा हात हा अक्षरासारखा असतो. हा हात कुणाचा, हे मास्तरने ओळखलं. पण तेव्हा तिला तिकडे बघायला वेळ नव्हता. ती तशीच उठून भावाच्या घरी गेली.

भाऊ जेवायला बसला होता. ताट अर्धं नव्हतं.

"ही शिवण कुणीतरी उसवलीय," ती म्हणाली. "तुझी कंबर टेपने मोजू दे मला."

"टेप लावायची नाही वर्षभर."

"अरे, ही पट्टी बघ. रंग बघ."

"रंगाचं काय घेऊन बसलीस? बाबांच्या हाताचं तेज लागलंय, असंही असेल."

"तेज व्हिनेगरसारखं वास मारतं का रे?"

वहिनीला हसू फुटलं. नवऱ्याने बघताच तिने ते गिळलं. "वन्सं, कालपासून किती आनंदात आहेत हो हे," ती हळूच म्हणाली. "गोळ्यांची बाटलीसुद्धा टाकून दिली."

"टाकून दिली?"

"मग काय!" भाऊ म्हणाला. "बाबा म्हणाले, पुडी आणि गोळी एका पोटात नांदत नाहीत. आणि मला सांग ताई, मी एवढा जाड झालोय म्हणतात ना सगळे? दर वर्षी तू माझा गणवेश बघतेस. वीस वर्षांत एक तरी गणवेश मला घट्ट झाला का? एकदा तरी? मापात आहे मी. डॉक्टरीणबाईचा काटाच बिघडलाय. तुला माझं बरं झालेलं बघवत नाही, दुसरं काय!"

मास्तरने पॅन्टची घडी घातली. उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. तुझा गणवेश घट्ट झाला नाही, कारण दर वर्षी मीच तो उसवून मोठा करत आले. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही. 'कापड धुऊन सैल झालंय' म्हणायचे, आणि तू हसायचास.

आणि फक्त तुझाच का? अर्ध्या गल्लीचे कपडे असेच. गिऱ्हाईक लाजू नये म्हणून बोट-दोन बोटं गुपचूप सोडायची, ही तिच्या वडिलांपासूनची रीत. त्याला ते गिऱ्हाइकाचा मान राखणं म्हणत.

एवढं एक वाक्य बोलली असती तर! पण भावाचा चेहरा इतका उजळलेला होता, की तो आपल्या हाताने विझवणं तिच्या जिवावर आलं. आज नको, उद्या शांतपणे सांगू, असं ती स्वतःशी म्हणाली आणि परतली. मग त्याने बोलणंच बंद केलं. 'उद्या' लांबत गेला. तो महिना असाच गेला.

महिन्याने एका दुपारी वहिनी पायांत चपला न घालता दुकानात आली. "वन्सं, चला. यांचा पाय..."

झालं होतं असं. नवा बूट टाचेला चावला होता. साखर वाढलेल्या माणसाच्या पायाची जाणीव मरते. त्याला जखम कळलीच नाही. कळली तेव्हा त्याने तिच्यावर बाबांची पुडी दाबून भरली आणि मोजा चढवला. त्या दुपारी बस डेपोत आणून उभी केली आणि तो स्टिअरिंगवरच आडवा झाला. वाटेत झाला नाही, ही त्या पन्नास माणसांवर देवाची कृपा.

डॉक्टरीणबाईंनी मोजा कापून काढला आणि तोंडावर मास्क ओढला. त्या दिवशी त्या फटकळ बोलल्या नाहीत, त्यामुळेच मास्तर जास्त घाबरली. "सडण वर चढतेय," त्या म्हणाल्या. "पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. उशीर केला तर माणूस जाईल. गोळ्या कधीपासून बंद होत्या?"

"महिना झाला," वहिनी म्हणाली.

पाय काढला. तिसऱ्या दिवशी भाऊ शुद्धीवर येऊन बोलू लागला, तेव्हा मास्तरने त्याच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. पॅन्टचं सांगितलं, आणि गणवेशांचंही. वीस वर्षांचे वीस गणवेश.

त्याने उरलेल्या पायावर चादर ओढून घेतली. मग म्हणाला, "त्या दिवशी जेवताना का नाही सांगितलंस?"

तिने गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला.

दवाखान्यातून ती थेट काजवाल्याकडे गेली. काजवाला म्हणजे तिच्या वडिलांच्या हाताखाली वीस वर्षं बटणांची काजं करणारा कारागीर. तयार कपड्यांच्या लाटेत त्याचं काम गेलं आणि तो गल्लीतून दिसेनासा झाला. तीन उलटे टाके, तिरका कापलेला धागा. त्याने दार अर्धंच उघडलं.

"किती कपडे उसवलेस?" तिने दारातच विचारलं.

"कसले कपडे, मास्तर?"

तिने पिशवीतून निळी पॅन्ट काढून त्याच्यापुढे धरली. त्याने स्वतःच्या टाक्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पडद्यामागे मशीन दिलंय मला. आठवड्याला पंधरा-वीस कपडे. अहो, दहा वर्षांनी हातात शिवण आली! आणि कपडा सैल केल्याने कुणी मरतं का?"

"पाय काढला त्याचा. इथून." तिने आपल्या गुडघ्याखाली हात लावला.

काजवाल्याने दार पूर्ण उघडलं. तिने त्याला एकच गोष्ट सांगितली, की रविवारी तू मशीनवरून उठून जाऊ नकोस. आणि ती घरी आली.

रविवारी सिनेमागृह पूर्वीसारखंच भरलं होतं. बसचालकाचा पाय गेल्याची बातमी बाबांनी आधीच पचवली होती. "त्याने मनात शंका आणली," ते हळहळत म्हणाले. "शंका आधी पायाला लागते." लोकही चुकचुकले.

त्या दिवशी चमत्कार पोस्टातल्या बाईचा होता. गोड स्वभावाची, गोल चेहऱ्याची बाई. तरुणपणचा हिरवा झगा घालून ती आडोशातून बाहेर आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मास्तर उठून तरातरा वर चढली. एका हातात निळी पॅन्ट, दुसऱ्या हातात मापांची जुनी वही, गळ्यात टेप.

"साप आला!" बाबा हसून म्हणाले. गर्दीही हसली.

"येऊ दे की," मास्तर म्हणाली. "माझ्या वहीत इथल्या निम्म्या लोकांची मापं आहेत. पोस्टातल्या बाई, दोन महिन्यांपूर्वी तुमची कंबर एक्केचाळीस इंच होती. आता मोजू?"

पोस्टातल्या बाईचा चेहरा उतरला. ती पुटपुटली, "नको हो मास्तर. राहू द्या ना."

"बरं, राहू दे." मास्तरला तिची कीव आली. तिने निळी पॅन्ट उलटी केली, कात्रीने मागची शिवण सरळ उसवली आणि कापड दिव्यापुढे ताणून धरलं. "ही विटलेली निळी. ही न विटलेली. ही माझी वीस वर्षांपूर्वीची भोकं, आणि हे नवे टाके. कपड्याने कुणाला तारुण्यात नेलेलं नाही. कपडा उसवून मोठा केलाय. म्हणून तर बाबांना शिवलेलाच कपडा लागतो. तयार कपड्यात माया नसते!"

मग मागून किराणा दुकानदार उभा राहिला. "म्हणजे माझ्या श्रद्धेत खोट नव्हती?"

"तुमच्या कोटात कापड नव्हतं, काका."

"दीड महिना मी मान खाली घालून हिंडतोय!" तो गरजला आणि लोकांना बाजूला सारत पुढे आला. "हा पडदा बाजूला करा!"

"पडद्याला हात लावाल तर भस्म..." बाबा ओरडले. पण दुकानदार आयुष्यभर पोती उचललेला गडी. एका हिसक्यात पडदा खाली आला.

मागे शिलाईचं मशीन होतं. इस्त्री होती, व्हिनेगरची बाटली होती. दोरीवर पुढच्या रविवारचे कपडे टांगलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावलेली, निम्मे उसवलेले. मशीनपाशी काजवाला बसला होता. तो पळाला नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "सगळे मीच उसवले. पुडीतही काही औषध नाही. ती कालवताना मी पाहिलीय. खडूची भुकटी आणि साखर."

'साखर' हा शब्द ऐकला आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हातातली पुडी विंचू टाकावा तशी टाकली.

"ही परीक्षा आहे!" बाबा म्हणत होते. पण बाजूच्या दाराकडे सरकतच म्हणत होते. पाच-पन्नास माणसं त्यांच्यामागे गेलीसुद्धा. उघड्या डोळ्यांनी मशीन पाहूनही गेली. हे मास्तरला पाय काढलेला पाहण्याइतकंच जड गेलं.

जे उरले त्यांच्यापुढे ती तशीच उभी होती. भाषण तिला येत नव्हतं.

"मी देव मानते," ती म्हणाली. "रोज हात जोडते. पण देवाने डोळे दिलेत ते शिवण बघायला, आणि डोकं दिलंय ते विचारायला. ते न वापरणं म्हणजे त्याने दिलेलं त्याच्याच तोंडावर फेकणं. आणि एक सांगायचंय. ही लबाडी बाबांनी सुरू केली नाही. मी केली. तुमचे कपडे मीच वर्षानुवर्षं गुपचूप सैल केले. तुम्ही दुखावू नये म्हणून. बाबांनी फक्त त्यावर दुकान थाटलं. आजपासून माझ्याकडे जो येईल त्याला मी खरं माप सांगेन. राग आला तर या, भांडा माझ्याशी. पण गोळी टाकू नका. चालायला लागा. दहा पावलं चालवली तर दहा चाला, पण चाला. पन्नाशीतलं अंग सात दिवसांत उतरत नाही. वीस वर्षांत चढलेलं ते. हळूहळू उतरतं, घामानेच उतरतं. मी विचारलंय डॉक्टरीणबाईंना. जाऊन तुम्हीही विचारा. त्या ओरडतात, पण खरं सांगतात."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकेक करून उठले आणि दोरीवरून आपापले कपडे शोधून घेऊन गेले.

बाबा त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. दुसऱ्या कुठल्या बंद सिनेमागृहात ते बसले असतील, कुणास ठाऊक. त्यांच्यासाठी दुसरा काजवालाही मिळेल. बसचालकाचा पाय मात्र कुठल्याही गावी मिळणार नाही. तो आता डेपोत खिडकीमागे बसून गाड्यांच्या वेळा पुकारतो, आणि गाडी सुटली की तिचा आवाज लांब जाईपर्यंत बोलत नाही. बहिणीशी बोलतो, पण मोजकंच.

त्या रविवारनंतरच्या बुधवारी दुकान उघडताच पोस्टातली बाई आली होती. स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"मोजा," ती म्हणाली.

मास्तरने मोजलं. "बेचाळीस."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरने धीराचा एक शब्दही उच्चारला नाही. तिने तिला रडू दिलं. थोड्या वेळाने बाईने डोळे पुसले आणि विचारलं, "दवाखाना इथून चालत किती लांब आहे?"

"वीस मिनिटं."

"माझ्या पायांना?"

"तुमच्या पायांना चाळीस."

"मग आत्ताच निघायला हवं," ती म्हणाली आणि उठली.